हिरव्या झडपांचं घर

"हात सोड माझा. मी काय बटाट्यांचं पोतं आहे, ओढून आत टाकायला?"

फळीवरून बोटीत चढता चढता पेरीन म्हातारी लेकावर करवादली. तांगीनं हात सोडला, पण पाठीमागं तळवा धरून तो तसाच उभा राहिला. उभी हयात त्यानं याच बोटीवर खलाशी म्हणून काढली होती. दोर फेकायचा, सामान चढवायचं, कुणाला मळमळलं की बादली पुढं करायची. बेटावरच्या झाडून साऱ्या म्हाताऱ्यांना त्यानं हाताला धरून चढवलं-उतरवलं होतं आणि साऱ्यांनी त्याला आशीर्वादच दिले होते. आईची गोष्ट वेगळी.

सर्व संतांचा सण तोंडावर आला होता, त्यामुळं साऱ्या बोटीत शेवंतीच्या कुंड्या. जो तो आपल्या माणसाच्या कबरीसाठी एकेक घेऊन निघालेला. पेरीननंही मांडीवर पिवळी शेवंती घेतली होती, नवऱ्यासाठी. वसंतात मांडीचं हाड मोडलं तेव्हा तिला याच बोटीतून स्ट्रेचरवर नेलं होतं. तेव्हापासून ती मुख्यभूमीवरच्या वृद्धाश्रमात होती. आज पहिल्यांदा घरी निघाली होती.

"दार उघडलं की आधी चूल पेटवायची," ती सांगू लागली. "बंद घर ते, गाद्यांना ओल धरली असेल. खिडक्या उघडत होतास ना रे मधनंमधनं?"

"हं."

"हं काय? तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का?"

तांगी काय सांगणार? घर उन्हाळ्यातच विकलं गेलं होतं. म्हातारी इस्पितळात पडून होती तेव्हा वृद्धाश्रमाचे कागद आहेत असं सांगून त्यानं तिच्या सह्या घेतल्या होत्या. सगळेच कागद वृद्धाश्रमाचे नव्हते. आश्रमाचा खर्च दुसऱ्या कशातनं निघणार नव्हता, हे खरं. पण तिला विचारलं नव्हतं, हेही खरंच. साऱ्या बेटाला ठाऊक होतं, एक तिला सोडून. "आज बोटीवरच सांग. नाहीतर घरी आल्यावर मी सांगते," असं बायकोनं सकाळी बजावून पाठवलं होतं.

आणि वेळ फार नव्हता. बेटावरची रीत अशी की घराच्या खिडक्यांच्या झडपा रंगवायच्या त्या बोटीच्या उरल्यासुरल्या रंगानं. ज्याची बोट निळी त्याचं घर निळं. समुद्रावरून येणारा माणूस आपलं घर रंगावरून ओळखतो. तांगीचा बाप जोब हिरव्यात थोडं डांबर कालवायचा. तसला हिरवा साऱ्या बेटावर दुसऱ्या कुणाकडं नव्हता. नवे मालक पॅरिसचे. त्या लोकांना राखाडी रंगाचं भारी वेड. आल्या आल्या त्यांनी झडपांना राखाडी फासून टाकला होता. खडकावरच्या लाल मनोऱ्याला वळसा घातला की घर समोरच दिसतं. जे काय सांगायचं ते मनोरा येण्याआधी.

"नमस्कार पेरीनमावशी! किती छान दिसताय!" वाण्याची बायको म्हणाली. तिच्यामागून पाववाला आला, पोस्टातली बाई आली. सगळ्यांच्या तोंडात साखर.

"आज सगळे एवढे गोड का रे बोलतायत?" म्हातारीनं तांगीला कोपरानं ढोसलं. "माझ्या मयताला निघालेत की काय?"

तांगी उठून वर कप्तानाकडं गेला. सालाऊननं समोरची नजर न हलवता विचारलं, "सांगितलंस?"

"नाही अजून. जरा हळू घे ना बोट."

"ओहोटी काय तुझ्यासाठी थांबणार आहे? जा खाली. एवढा बाप्या तू, आईपुढं शेपूट घालतोस होय?"

तो खाली आला. आईसमोर उकिडवा बसला.

"आई, एक बोलायचंय."

"बोल की."

"घराचं..."

तेवढ्यात बोट एका लाटेवरून आदळली आणि पलीकडच्या बाकावरच्या पोरीला उलटी झाली. तांगी बादली घेऊन असा धावला, जसं काही तिच्या ओकारीनं त्याला जीवदान दिलं. त्यानं पोरीचं तोंड पुसलं, फरशी पुसली, कोरडी होती तीही पुसली. मान वर केली तर काचेबाहेर मनोरा सरकत मागं चालला होता.

म्हातारीनं रुमालानं खिडकी लख्ख पुसली होती. "ये, बस इथं. एकाच डोळ्यातला मोतीबिंदू काढलाय, पण काय सांगू, समुद्रपक्ष्याचं पीस न् पीस दिसतं. ती बघ निळी झडप, गेर्वेनची. मग ते पांढरं दुकान. मग आपलं..."

ती थांबली. कपाळ काचेला टेकवून तिनं पुन्हा पाहिलं.

"तांगी, दुकानाच्या पुढचं आपलंच ना रे?"

"हो."

"मला राखाडी दिसतंय."

"ढग आलेत ना. उजेड नाहीये."

"निळी दिसते की. लाल मनोरा दिसला की मघाशी."

समोरची वाण्याची बायको शेवंतीत तोंड घालून बसली.

"डोळ्यांचं असेल," तांगी म्हणाला. आपण काय बोलतोय हे त्याला ऐकू येत होतं, पण जीभ थांबली नाही. "डॉक्टर नव्हता का म्हणाला, कधीकधी हिरवा रंग दिसेनासा होतो म्हणून?"

डॉक्टर असलं काही म्हणाला नव्हता. म्हातारीनं आठवून पाहिलं. आठवेना, तशी ती आणखीच घाबरली. या वयात न आठवणं हाही पुरावाच वाटतो.

"म्हणजे हिरवा गेला," ती हळूच म्हणाली. "पाय गेला, आता हे."

मग तिनं कुंडी त्याच्या हातात दिली. "ही ओदेतला दे, ती ठेवेल कबरीवर. मी नाही उतरत."

"अगं, असं काय करतेस आई?"

"त्या धक्क्यावर चाचपडत चालू? मी? गेले तेव्हा स्ट्रेचरवर निजून गेले, सारं बेट बघायला आलं होतं. तेवढा तमाशा पुरे झाला. आता 'आंधळी झाली बिचारी' म्हणून चुकचुकतील. आणि घरात जाऊन तरी काय करू? तुझ्या बापाचा रंगच जर दिसत नसेल तर ती नुसती दगडाची भिंत. याच बोटीनं परत सोड मला."

डोळे तुझे शाबूत आहेत, घर मी विकलं. एवढंच म्हणायचं होतं. तांगी कुंडी सावरत उठला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याची त्यालाच किळस आली.

धक्क्यावर ओदेत हातगाडी घेऊन उभी होती. लहानपणापासूनची आईची मैत्रीण. पेरीनला बसायला म्हणून तिनं गाडीत उशी घातली होती.

"कुठंय ती?"

"आली नाही," तांगी म्हणाला आणि कुंडी पुढं केली.

ओदेतनं त्याच्या खांद्यावरून पाहिलं. काचेमागं पेरीन मान ताठ धरून बसलेली स्पष्ट दिसत होती. मग तिनं वळून राखाडी झडपांकडं पाहिलं, आणि मग तांगीकडं. तिनं कुंडी घेतली.

"आली नाही तर नाही. जी आली नाही तिला सांग, जोबच्या कबरीवरचं शेवाळ मी घासून काढलंय, ही कुंडीही ठेवते. आणि तू तांगी, माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

गाडी रिकामीच वळवून ती चढाला लागली.

तांगी आत आला.

"काय म्हणाली?"

"कबर घासून ठेवलीय म्हणाली. कुंडीही ठेवते म्हणाली."

"मला बघितलं तिनं?"

"नाही."

"बरं झालं," म्हातारी म्हणाली. "माझी लाज राखलीस रे पोरा."

तांगीला तिथं उभं राहवेना. परतीचे उतारू चढले, भोंगा झाला. त्यानं धक्क्यावरचा दोर सोडला आणि उडी मारून तो बोटीत आला. बोट वळली, तशी घरं एकेक करून आईच्या खिडकीसमोरून गेली. पेरीन दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली होती आणि मनोरा मागं पडेपर्यंत तिनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.