मेघाचं सेट झालं

नातीचं, मेघाचं वागणं इंदूबाईंना काही दिवसांपासून खटकत होतं. चांगली एम.ए. झालेली पोट्टी, पण फोन वाजला की उठून गच्चीवर जाणार. वर जाऊन बोलणार काय, तर नुसती कुजबुज. आजी जिन्यात दिसली की "ठेवते मग," अन् तोंड असं, जसं काही झालंच नाही. नंदनवन वस्तीतल्या त्या घरात इंदूबाईंपासून मांजरही काही लपवू शकत नव्हतं, आणि ही लपवत होती.

शुक्रवारी जिन्यात उभं राहून त्यांनी ऐकलंच. "एकदा सेट होऊ दे न, मग मीच सांगते आजीले."

इंदूबाई तिसरीपर्यंतच शिकलेल्या. पण सेट होणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. मागच्या गल्लीतल्या अमोलचं असंच सेट झालं होतं, अन् पोट्टा एक दिवस कोर्टातून थेट बायको घेऊनच आला.

"माये, तुह्या पोरीचं कोनाशी तरी सेट होऊन राहिलं," त्यांनी सुनेला सांगितलं.

"काहीतरीच काय, आई," म्हणून माया कणीक मळत राहिली.

इंदूबाई थोड्याच गप्प बसणार! कळमेश्वरच्या शोभाताईंच्या भाच्याचं स्थळ केव्हाचं सांगून आलं होतं. त्यांना निरोप गेला, आणि रविवारी शोभाताई हजर. आज इंदूबाईंनी हो म्हटलं की झालं. त्यांचा शब्द कधी मागे फिरला नव्हता.

"चहाले नवा सेट काढू का?" मायाने विचारलं. इंदूबाई दचकल्याच.

शोभाताई ऐसपैस बसल्या. "आमचा पोरगा कंपनीत सेट आहे. घरात नवा सोफासेट आहे. सोन्याचा सेट मी कवाचाच घडवून ठेवला. आता तुमची पोरगी आली की महिन्याभरात तीबी सेट होऊन जाईन. नोकरीफिकरीचं भूत आपोआप उतरते."

शेवटचं वाक्य इंदूबाईंना रुचलं नाही. पण डोक्यात गच्ची होती. त्यांनी हो म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतल्या खोलीतून किंकाळी आली.

"झालं! आजी, सेट झालं वं!" मेघा मोबाईल नाचवत बाहेर आली.

"कोनाशी?" इंदूबाई उभ्याच राहिल्या. "नाव सांग त्याचं. पाहुण्यापुढंच सांग."

"कोनाचं नाव?"

"ज्याच्याशी सेट झालं त्याचं!"

मेघा बघतच राहिली, मग हसत हसत खालीच बसली. "आजी, परीक्षेचं नाव आहे ते. सेट. कॉलेजात शिकवाचं असलं तर द्या लागते. पास झाली मी!"

"प्रोफेसरकीची परीक्षा? मागच्या साली दिली होती तेच?"

"तेच."

"परीक्षेले दुसरं नाव नाही भेटलं कोनाले? अन् मग चोरून काहून?"

"मागच्या खेपेले निकालाच्या आधीच तू गल्लीभर पेढे वाटले. नापास झाल्यावर जो तो मले म्हणे, पेढा मात्र गोड होता."

इंदूबाईंनी तिच्या हातातला मोबाईल घेऊन उलटासुलटा करून पाहिला.

शोभाताई खाकरल्या. "पास झाली, चांगलं झालं. सर्टिफिकेट फ्रेम करून लावू भिंतीले. मग हो समजू न?"

"शोभाताई," इंदूबाई सावकाश म्हणाल्या, "पोरगी शिकवाले जाईन. तुमच्या भाच्याले चालत असन, तर त्यानं स्वतः येऊन हिले विचारावं. मी कोनाले शब्द देत नाही."

"पाहते विचारून," म्हणत शोभाताईंनी कप खाली ठेवला आणि निघाल्या.

इंदूबाई मेघाकडे वळल्या.

"अन् तू वं, प्रोफेसरीनबाई. चूक तुहीच आहे. नापास झाली तवा मी काय तुले घराबाहेर काढलं होतं? पेढे मी वाटले, तर माह्याशी भांडाचं होतं. वर्गात पोट्ट्याइच्या पुढे उभी राहशीन, अन् घरच्या म्हातारीले भेतं? हे नाही चालणार. आजपासून मोठ्यानं बोलाचं. घरात बी, कॉलेजात बी."