तिखट झालेला आयवर

मित्रांनो, मी तांब्याची कढई आहे, इतकी जुनी की मला घडवणाऱ्या रुशिद उस्तादांचं नावही आता स्ट्रुमित्सा शहराच्या बाजारात कुणाला आठवत नाही. त्यांनी मला ठोकून ठोकून एवढी रुंद केली की माझ्यात दोन पोरं बसून आंघोळ करतील. आतून कल्हई केली, दोन्ही बाजूंना जाड कड्या लावल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "घेऊन जा. तुझ्या लेकीच्या संसाराला पुरून उरेल." ती लेक म्हणजे रिस्तेना. पुरून उरले खरी. पण जे बघावं लागलं, ते बघितलं नसतं तर बरं झालं असतं.

माझं काम वर्षातून एकच आठवडा. सप्टेंबरात मिरच्या लाल झाल्या की रिस्तेनाच्या अंगणात आयवर व्हायचा. गल्लीतल्या बायका सकाळीच यायच्या. चुलीवरच्या पत्र्यावर गोड मिरच्या काळ्या होईपर्यंत भाजायच्या, झाकून ठेवायच्या, मग सोलून, दळून तो लाल लगदा माझ्यात पडायचा. तेल, मीठ, आणि पाच-सहा तास लाकडी उलथन्याने ढवळणं. उलथनं फिरवल्यावर मागे माझा तळ दिसला आणि लगेच बुजला नाही, की आयवर झाला. मग बरण्या भरायच्या. हिवाळाभर पावाला लावून खायचा.

रिस्तेनाचा आयवर गावात नावाजलेला होता, कारण तिची मिरची. लांब, जाड सालीची, नुसती चावून खाल्ली तरी गोड. बी तिच्या आईचं. दर वर्षी ती सगळ्यात देखण्या मिरच्यांचं बी काढून फडक्यात बांधून ठेवायची. त्या वाफ्याच्या आसपास तिखट मिरचीचं रोप दिसता कामा नये, अशी तिची सक्त ताकीद होती. "मधमाश्या इथून तिथे हिंडतात," ती म्हणायची. "एक वर्ष गोंधळ झाला की माझ्या आईचं बी गेलं."

उरलेलं वर्ष मी शेडच्या मागच्या भिंतीला बाहेरून टांगलेली असायचे. तिथून तो बियाण्याचा वाफा सरळ दिसायचा. म्हणून मला सगळं ठाऊक आहे.

रिस्तेनाच्या मुलाचं, वांचोचं, लग्न झालं आणि लेंचे घरात आली. ओग्राझ्देन डोंगराच्या पलीकडल्या गावची. तिकडे तिखट खातात. येताना तिने वाळलेल्या तिखट मिरच्यांची एक माळ आणली होती. ती स्वयंपाकघरात खिळ्याला लटकली आणि रिस्तेनाच्या डोळ्यांत सलू लागली. पण पोरगी कामाची होती. ढवळायला उभी राहिली की हात बदलायची नाही. माझा तळ तिच्याइतका नीट कुणी राखला नाही.

आता मेतोदीचं सांगते. रिस्तेनाचा नवरा. स्वभावाने गरीब, बायकोसमोर खाली मान. त्याला एकच शौक: राकियाच्या, म्हणजे फळांच्या दारूच्या, घोटाबरोबर करकरीत तिखट मिरची. सुनेच्या माळेतल्या दोन मिरच्या त्याने चाखल्या आणि चटक लागली. त्या उन्हाळ्यात त्याने बाजारातून सहा रोपं आणली आणि शेडच्या मागे, मक्याच्या आड लावली. बियाण्याच्या वाफ्यापासून जेमतेम दहा पावलं. रिस्तेना मक्याच्या पलीकडे फारशी जायची नाही. मी वरून बघत होते. मधमाश्या सहा रोपांवरून वाफ्यावर आणि वाफ्यावरून सहा रोपांवर जात होत्या. मिरच्या खाऊन संपल्यावर मेतोदीने रोपं उपटली, डुकरांना घातली आणि माती सारखी केली.

त्या वर्षीचा आयवर गोडच झाला. जे व्हायचं ते बियांच्या आत झालं होतं.

पुढच्या सप्टेंबरात बायका सोलायला बसल्या. शेजारची पावलिना बोटं झटकत म्हणाली, "रिस्तेना, बोटं चुरचुरताहेत गं."

"गरमगरम सोलतेस म्हणून. थांबायला नको तुला!"

लगदा माझ्यात पडला. लेंचे ढवळत होती. दुपारी रिस्तेना मीठ आणायला आत गेली, आली, आणि चमच्याच्या टोकाने चव घेतली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती थुंकली. पुन्हा चाखून बघितलं. मग आत जाऊन ती माळ ओरबाडून घेऊन आली.

"कमी आहेत यातल्या! कुठे गेल्या?"

"आई, मी घेवड्यात घातल्या होत्या. आठवडा झाला."

"घेवड्यात! मी मिठाला गेले तेवढ्यात कढईत घातल्यास!"

"मी कशाला घालीन?"

"कारण तुम्हा डोंगरातल्यांच्या जिभा जळालेल्या. दुसऱ्याच्या तोंडातलं गोड बघवत नाही तुम्हाला."

चुलीशी बसलेला मेतोदी लाकडं सारखी करू लागला. ती आधीच सारखी होती. त्याला तेव्हा कळलं होतं का? मला वाटतं, कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते.

त्या दिवसापासून लेंचेने मला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला.

वर्षभर ती ते सोसत राहिली. दुकानात बायका हसत म्हणायच्या, "लेंचे, आमच्या घरी कॉफी प्यायला ये, पण साखर आम्ही घालू हं!" वांचो घरी येऊन म्हणायचा, "मनावर घेऊ नकोस." स्वतः मात्र आईसमोर कधी ब्र काढला नाही.

पुढचा सप्टेंबर आला. रिस्तेनाने स्वतः ढवळलं. लेंचे विहिरीपाशी बरण्या धूत होती, माझ्यापासून चांगली वीस पावलं दूर. आणि आयवर पुन्हा तिखट. आदल्या वर्षीपेक्षाही.

मला वाटलं, आता तरी रिस्तेनाला उमगेल. तिने उलथनं खाली ठेवलं आणि म्हणाली, "बरण्यांना काय लावलंस?"

लेंचे हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "आई, बरण्या अजून रिकाम्या आहेत. चव तर तुम्ही कढईतली घेतलीत."

ती तशीच ओल्या हातांनी शेतात पळाली. थोड्या वेळाने दोन मिरच्या घेऊन आली. दोन्ही लाल, दोन्ही लांब, दिसायला बहिणी. दोन्हींचा एकेक घास तोडलेला. तिखटाने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ही गोड आहे. ही दुसऱ्या झाडाची, ही जाळ आहे. आई, बीच बिघडलंय. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वाफ्याजवळ तिखट मिरची लावली असणार. चावून बघा. फक्त चावून बघा."

रिस्तेनाने दोन्ही मिरच्या हातात घेतल्या. मला खात्री आहे, तिला त्या क्षणी कळलं. बियाण्यातलं तिच्याइतकं गावात कुणाला कळत होतं? पण बायका बघत होत्या. गेलं वर्षभर तिने सगळ्या गावात सुनेच्या नावाने बोभाटा केला होता. तिने दोन्ही मिरच्या चुलीत टाकल्या.

"आणि लावली कुणी? या घरात तिखट खाणारं कोण आहे?"

लेंचेने सासऱ्याकडे बघितलं. तिला काही माहीत नव्हतं, ती नुसती आधार शोधत होती. "बाबा, तुम्ही तरी सांगा ना. मी कधी तरी काही लावलं का तिथे?"

मेतोदी म्हणाला, "मला यातलं काय कळतं, पोरी." आणि लाकडं आणायला उठून गेला.

संध्याकाळी वांचो बायकोला म्हणाला, "आईची माफी माग. संपवून टाक एकदाचं."

"कशाची माफी?"

"कशाची का असेना. घरात शांतता तरी राहील."

चार दिवसांनी लेंचेचा भाऊ ट्रॅक्टर घेऊन आला. ती एक पेटी आणि अंथरूण घेऊन ट्रॉलीत बसली. ती माळ मात्र तिने घरातच राहू दिली. वर्ष संपायच्या आत कोर्टाचे कागद आले आणि वांचोने सही केली.

त्या हिवाळ्यात मेतोदीने अंथरूण धरलं. बरण्यांतला तिखट आयवर कुणी खात नव्हतं, आणि मला भिंतीवरून काढून त्याच्या खोलीत लाकडं ठेवायला वापरत होते. त्यामुळे तेही मी ऐकलं.

"रिस्तेना, तिखट मिरचीची सहा रोपं मी लावली होती. शेडच्या मागे."

रिस्तेना विणत होती. सुया थांबल्या. "मग तेव्हा का नाही बोललास?"

"तुला भ्यायलो."

रिस्तेनाने सुया पुन्हा चालवायला घेतल्या. मग मेतोदी म्हणाला, "तिला कळव. वांचोला सांग, जाऊन आण म्हणावं."

"आता कळवू? सगळ्या गावासमोर मी तिला काय काय बोलले. आता त्यांना सांगू, की माझा नवराच चोरून मिरच्या लावत होता? गप्प पडून राहा. औषध घे."

मेतोदी वसंताच्या आधीच गेला. रिस्तेनाने आईच्या बियांचं ते फडकं चुलीत घातलं आणि शहरातल्या दुकानातून गोड मिरचीचं नवं बी आणलं.

सप्टेंबरात मला घासून पुन्हा चुलीवर चढवलं. बायका आल्या. भाजलं, सोललं, दळलं, ढवळलं. पावलिनाने पावाच्या तुकड्यावर आयवर घेतला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून म्हणाली,

"गोड! बघा बायांनो, मी म्हणत नव्हते? ती घरातून गेली आणि गोडी परत आली."

सगळ्या हो हो म्हणाल्या. रिस्तेनाने मान वर केली. वाटलं, आता बोलेल. तिने मान खाली घातली आणि ढवळत राहिली. माझा तळ दिसला, तरी ढवळतच राहिली. आयवर करपला. माझ्या तळाचा तो डाग अजून निघालेला नाही.

मित्रांनो, आमच्यासारखी जुनी भांडी शेवटी सांगतात, आम्हाला घासा, जपा, अडगळीत टाकू नका. मला तसं काही सांगायचं नाही. मला काय, आज आहे, उद्या भंगारात जाईन. तुम्ही फक्त एवढं करा. कुणावर खोटा आळ घेतलात आणि तो खोटा होता हे कळलं, तर त्या माणसाच्या दारापर्यंत स्वतः जा आणि त्याच्या माणसांसमोर तसं सांगा. ओग्राझ्देनच्या पलीकडे दिवसातून दोन वेळा बस जाते. तासाभराचा रस्ता आहे. थांबा आमच्या फाटकासमोरच आहे, आणि रिस्तेना आणखी चौदा वर्षं जगली.