हात लावल्याचे दहा गुण

अकरा वर्षं मी त्याला 'अहो' म्हणाले. घटस्फोटाचा कागद हातात आला त्या दिवशी ठरवलं, आता 'अरे'. आरशासमोर उभी राहून चक्क सराव केला. "अरे ऐक. काय रे. तू गप्प बस." पहिल्या दिवशी जीभ अडखळली, आठवड्याभरात सुटली. निदान मला तसं वाटलं.

वाटणीत माझ्याकडे काय आलं? शिवणयंत्र, दोन कपाटांपैकी ज्याचं दार लागत नाही ते कपाट, आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात गोगलगाय.

गोगलगाय म्हणजे आमची गाडी. खऱ्या जीपची दहाव्या हिश्श्याची नक्कल, रिमोटवर चालणारी, दोन वीत लांब. ती पळत नाही. पळणाऱ्या गाड्या वेगळ्या, त्यांचं मला कौतुक नाही. ही दगडांवर चढते, एकेक चाक टेकत, मुंगीच्या पावलांनी. म्हणून नाव गोगलगाय. हिच्या स्पर्धा होतात आणि त्यांचा हिशोब उलटा असतो, ज्याला कमी गुण तो जिंकतो. गाडी मागे घेतली की एक गुण. वाटेत दोन-दोन खुंट्यांची फाटकं असतात, त्यांतून गाडी काढायची, खुंटीला धक्का लागला किंवा फाटक हुकलं की दहा. आणि गाडीला हात लावला की दहा. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा.

तर ही गोगलगाय मी बांधली होती. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते, सतरा वर्षं झाली. कवळीत वाळूच्या कणाएवढी खोट राहिली तरी माणूस दर घासाला माझा उद्धार करतो. तसल्या कामाला सरावलेल्या हातांना जीपचे आस, दांड्या, दातेरी चाकं म्हणजे काहीच नाही. आत ड्रायव्हरचा पुतळा हवाच असा नियम आहे, तोही मी कवळीच्या गुलाबी मालातून घडवला. तोंडात बत्तीस दात. हसतो तेव्हा शेवटच्या दाढेपर्यंत दिसतात.

चालवायचा मात्र तो. "तुझा हात जड आहे गं," म्हणायचा. "तू आपली बांध." मी मान डोलवायचे. माझ्यासारखी मूर्ख मीच! दर रविवारी बंद पडलेल्या खाणीत सराव. हा वर एका दगडावर रिमोट घेऊन उभा, उंटावरून शेळ्या हाकतोय, आणि मी खाली कपारीशी, दोन्ही हात अर्धवट पुढे करून. गाडी कोसळली की झेलायची. सरावात हात लावलेला चालतो. अकरा वर्षं झेलली, एकदाही खाली पडू दिली नाही. स्पर्धेच्या दिवशी माझ्या दोन्ही हातांत त्याची टूलबॉक्स असायची, त्यामुळे तिथे हात लागायचा प्रश्नच नव्हता.

तीन वर्षं ओळीने पहिला आला. तीन ढाली. प्रत्येकीवर कोरलेलं, 'बांधणी आणि चालक', आणि खाली एकच नाव. पहिल्या वर्षी मी विचारलं. "अगं, तिथे एकच ओळ मावते," म्हणाला. दुसऱ्या वर्षी विचारलं नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो माझ्या दिवाणखान्यात भिंतीवर खिळा ठोकत होता.

भाड्याच्या खोलीत आल्यावर खोकं उघडलं. आतला आस वाकलेला, एका दातेरी चाकाचे दात गेलेले. वरचा जीपचा सांगाडा प्लॅस्टिकचा, त्याला जिथे जिथे स्क्रू तिथे तिथे तडा. आधी मला वाटलं, रागाने आपटली. मग जवळून पाहिलं तर प्रत्येक स्क्रूच्या तोंडाशी निळा गोंद. धातूत धातूचा स्क्रू पिळताना हा गोंद थेंबभर लावतात, म्हणजे हादऱ्यांनी ढिला होत नाही. प्लॅस्टिकला तो चुकूनही लावत नाहीत. प्लॅस्टिक खातो तो, सकाळपर्यंत तडा देतो. मी घर सोडल्यावर साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला असणार आणि मोठ्या मनाने सगळीकडे एकेक थेंब सोडला असणार. तीन ढालींचा बांधणीकार! मी एकटीच खो-खो हसले. मग खूप वेळ ते खोकं मांडीवर घेऊन बसून राहिले, कारण खरं सांगायचं तर वाईट वाटत होतं, आणि तेही गाडीचं.

चार महिने लागले. लॅबमधून आले की टेबलावर फडकं पसरायचं आणि बसायचं. पार हाडांपर्यंत सोडवली. जुनी बांधताना मी त्याचं ऐकलं होतं, बॅटरी मागे ठेवली होती, दिसायला बरं म्हणून. आता ती पुढच्या आसावर आणली. वजन जितकं खाली आणि जितकं पुढे, तितकी गाडी चढावर नाक टेकून राहते, मागे कोलमडत नाही. पुढच्या चाकांच्या आत बसवायला लेथवाल्याकडून पितळेच्या जाड कड्या कातून आणल्या. पुढच्या आसाची दातेरी चाकं अशी बदलली की पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त फिरतात, म्हणजे चढताना पुढचा भाग मागच्याला हाताला धरून ओढतो. नवे टायर मऊ घेतले. सांगाड्याचे तडे कवळीच्या मालाने भरले, घासून गुळगुळीत केले. रंग मात्र दिला नाही. हिरव्या जीपवर गुलाबी व्रण. दिसू देत लोकांना.

आणि चालवायला शिकले. दगड कुठून आणणार? लॅबमध्ये लोकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे काम झालं की फेकून देतात. मी पोत्याने घरी आणले, खोलीच्या कोपऱ्यात ढीग रचला आणि परक्यांच्या दाढांवरून गोगलगाय चढवायला लागले. पहिले पंधरा दिवस नुसती पडायची. लॅबचे मालक म्हणाले, "बाई, एवढे साचे नेता, घरी काय दुसरी लॅब काढलीत का?" म्हटलं, नाही, बोळक्यांवर डोंगर चढतेय. त्यांना वाटलं, घटस्फोटाने डोक्यावर परिणाम झाला. दुसऱ्या महिन्यात ती सुळ्यावर पुढचं चाक टेकवून, थांबून, श्वास घेतल्यासारखी वर जायला लागली. हात अजिबात जड नव्हता. त्या हाताला रिमोट कधी मिळालाच नव्हता.

स्पर्धेच्या सकाळी नोंदणीच्या टेबलावर नियमकाका बसले होते. आमच्या क्लबचे सचिव, पंचही तेच, नियमांची वही उशाखाली घेऊन झोपतात म्हणून हे नाव. मला पाहून म्हणाले, "या वहिनी! प्रेक्षकांचा पास देऊ?"

क्लबात मी सगळ्यांची वहिनी. अकरा वर्षांत कोणी नाव विचारलं नव्हतं.

"स्पर्धक," मी म्हटलं, आणि नाव सांगितलं. बांधणीच्या रकान्यात तेच, चालकाच्या रकान्यात तेच. काकांनी दोनदा चष्मा पुसला आणि लिहिलं.

तो मागेच उभा होता. हातात नवी कोरी गाडी, कारखान्यातून सजून आलेली. टपावर छोटे पत्र्याचे डबे, शिडी, दिवे, नुसती नवरी.

"अरे ऐक," मी म्हटलं. चारचौघांत पहिल्यांदा. दोघांतिघांच्या माना वळल्या. "आज मी तुझ्या पुढे आले तर माइकवर सांगायचं, गोगलगाय कोणी बांधली ते. तिन्ही वर्षांचं. नाव घेऊन."

तो हसला. "आणि मी पुढे आलो तर?"

"तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही."

"हे तुणतुणं कायमचं बंद?"

"बंद."

"काका, तुम्ही साक्षीदार," तो म्हणाला. काकांनी मान हलवली. मला दुसरं काही नको होतं, बक्षीस नको, ढाल नको. त्याच्या तोंडून एक वाक्य हवं होतं.

जुन्या गोदामामागे दगड रचून वाट केली होती, दहा फाटकांची. नववं फाटक म्हणजे एक तिरका दगड, छातीएवढ्या उंचीवर, कड सरळ खाली तुटलेली. सकाळी पाहिला तेव्हाच कळलं, त्याच्या गाडीचं सगळं वजन टपावर आहे, इथे ती कलंडणार. चिठ्ठ्यांत त्याचा नंबर माझ्या आधी आला. माझी गाडी टेबलावर तयार होती, रिमोट पट्ट्याने गळ्यात अडकवला होता. मी जाऊन नवव्या फाटकाच्या खाली उभी राहिले. खोटं कशाला बोलू? मला त्याची गाडी पडताना जवळून बघायची होती.

आठ फाटकं त्याने नीट काढली, सहा वेळा मागे घेतली, सहा गुण. नववं आलं. गाडी तिरक्या दगडावर चढली, टपावरचे डबे खडखडले, उजवं मागचं चाक हळूच उचललं गेलं. माझ्या मनात आलं, पड बये, पड. ती उलटली आणि कडेवरून सुटली.

"अहो, थांबा! मी धरते!"

आवाज माझाच होता. गाडी माझ्या दोन्ही हातांत होती, चाकं अजून फिरत होती.

मग मागून कोणीतरी म्हणालं, "अजून जीव आहे बघ वहिनींचा." आणि हशा. जीव कसला डोंबलाचा! मला त्या गाडीचा राग, गाडीवाल्याचा त्याहून जास्त. पण हातांना कोणी सांगितलंच नव्हतं की आपला घटस्फोट झालाय. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते स्पर्धेच्या दिवशी मोकळे होते, टूलबॉक्सशिवाय.

नियमकाकांनी वही उघडली. त्यांना पाठ होतं, तरी उघडली. "बाहेरच्याचा हात लागला तर ते फाटक स्पर्धकाला पुन्हा," ते वाचत म्हणाले. "हात दुसऱ्या स्पर्धकाचा असेल, तर दहा गुण त्या दुसऱ्याच्या खाती." मग खाली बघून हळूच म्हणाले, "वहिनी, नियम आहे हो."

मी गाडी दगडाच्या पायथ्याशी ठेवून दिली. सोडून दिली असती तर फाटक हुकल्याचे दहा आणि उचलल्याचे दहा, तो सव्विसावर गेला असता. आता धोका कळला होता, त्याने दगडाच्या खालच्या अंगाने वळसा घेतला, दोनदा मागे घेतली आणि फाटकातून निघून गेला. एकूण आठ.

मग मी. पाच वेळा मागे घेतली, बस्स. नवव्या फाटकावर गोगलगाय कलली, एक चाक हवेत, गुलाबी व्रण उन्हात. खाली झेलायला कोणी नव्हतं. मी चाकं केसभर फिरवली, पुढच्यांनी दगड धरला, ओढलं, आणि ती पलीकडे गेली. कोणाचाही हात न लागता, त्याची जिथून पडली तिथूनच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाच. आणि माझे ते दहा. पंधरा.

हात दाखवून अवलक्षण ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलेय. अर्थ त्या दिवशी कळला.

माइकवर नियमकाका म्हणाले, "दुसरा क्रमांक, आपल्या सगळ्यांच्या लाडक्या वहिनी!" कागदावर माझं नाव त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मग त्याला ढाल दिली, माइक दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं. "माझ्या यशामागे कुणाचा हात आहे," तो म्हणाला, "ते आज तुम्ही सगळ्यांनी पाहिलंच." लोक पोट धरून हसले. काका पण हसले. मीही हसले असणार, कारण शेजारची बाई माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "किती खिलाडू आहात हो."

मी गोगलगाय फडक्यात गुंडाळत होते तेव्हा तो ढाल काखेत मारून आला. "थँक्स हं," म्हणाला. "तू झेलली नसतीस तर तुकडेच झाले असते. पण इतकी चांगली गाडी, कलंडली कशी कळत नाही."

चार महिने मी त्याच्यासाठी उत्तरं पाठ केली होती. एकाहून एक. तोंड उघडलं तर बाहेर आलं, "टपावरचे डबे काढा आधी. बॅटरी पुढच्या आसावर घ्या. आणि पुढच्या चाकांत पितळेच्या कड्या घाला, माझ्या लेथवाल्याकडून घ्या, तो नीट कातून देतो."

त्याने खिशातून मोबाइल काढला. "थांब थांब, लिहून घेतो. जरा सावकाश सांग."

मी सावकाश सांगितलं.