तुमच्यात चालतं ना?

लोणच्याच्या कारखान्यात त्यांना सगळे मीठबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, ते तिथेच राहिलं. खारातली फोड दाताखाली धरली की त्या सांगत, "अजून चार दिवस थांबा," नाहीतर, "या पिंपात मेथी करपलीये." त्यांच्या शब्दापुढे मुकादमाचंही काही चालत नसे.

म्हणून लोणचं मागवू पाहणाऱ्या परदेशातल्या एका दुकानदाराने निरोप धाडला, की सौदा करायला याल तेव्हा चव ठरवणाऱ्या माणसाला सोबत आणा. मालकांना खरं तर आपल्या मुलाला न्यायचं होतं. पण गिऱ्हाईक हटून बसलं आणि वयाच्या बावन्नाव्या वर्षी मीठबाईंचा पासपोर्ट निघाला. विमानात मालकांनी बजावलं, "तिथे उगाच तोंड उघडू नका. विचारलं तेवढंच बोला." मीठबाईंनी मान डोलावली. एकोणीस वर्षं डोलावत होत्या, त्यात आणखी एकदा.

दुभाषी म्हणून मालकांची भाची होती. ती लग्नानंतर तिकडेच स्थायिक झालेली. नमुन्यांचं काम सकाळीच छान पार पडलं. दुपारच्या चहाला मालकांनी केकचे दोन तुकडेही चापले. संध्याकाळी दुकानदाराने घरी जेवायला बोलावलं.

घर साधंच, दुकानाच्या वरच्या मजल्यावर. चौकोनी टेबल, सहा खुर्च्या, खिडकीत वाळत घातलेले पायमोजे. दुकानदाराची म्हातारी आई आतून मातीची एक बुटकी बरणी पोटाशी धरून आली. तिने ती टेबलाच्या मधोमध ठेवली, तोंडावरचं फडकं सोडलं, आणि खोलीतली हवाच बदलली.

मिठात आणि भातात आठ महिने मुरवलेला मासा होता तो. भाची सांगू लागली, "ही बरणी त्या फक्त जवळच्या पाहुण्यांसाठी उघडतात. आपल्याशी संबंध जोडायचेत, म्हणून काढलीये." मालकांचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते काही प्रेमाचं नव्हतं.

"सांग त्यांना, माझा आज उपास आहे," ते पुटपुटले.

"मामा, दुपारचा केक अजून तुझ्या मिशीत आहे."

मालकांनी मिशी पुसली. म्हातारीने एकेकाच्या ताटलीत मासा वाढला आणि हात मांडीवर ठेवून बघत बसली. पाहुण्यांनी पहिला घास घ्यायचा, हे सांगायला दुभाषी लागत नव्हती. मालक घाईने मीठबाईंकडे वळले.

"बाई, तुम्ही खा. तुमच्यात चालतं ना?"

मीठबाईंचा हात ताटलीकडे निघालाच होता. वास नाकात शिरल्यापासून तोंडाला पाणी सुटलं होतं. पण ते तीन शब्द कानावर पडले आणि हात जागीच थांबला.

कारखान्यात लागून त्यांना आठवडाच झाला होता तेव्हाची गोष्ट. डब्यात सुक्या मासळीचं कालवण होतं. मुकादमाने डबा हुंगला, चाळीस बायकांसमोर तो गटारात पालथा करायला लावला आणि वर डबा तीनदा घासून घेतला. जेवणघराच्या भिंतीवर पाटीच होती, मांस-मच्छी आणू नये म्हणून. तेव्हापासून बटाट्याची भाजी. मूग गिळून गप्प बसणं म्हणजे काय, हे मीठबाईंना कुणी शिकवायला नको होतं.

"नाही मालक," त्या म्हणाल्या. "मी कामावर आहे. कामावर मासळी चालत नाही."

"अहो, हा काय कारखाना आहे का?"

"तुम्ही आहात, मी आहे, बरण्या आहेत. आणखी काय लागतं कारखान्याला?"

"बाई, वेळ काय, बोलताय काय! सौदा मोडेल."

"म्हणजे सौद्याला चालते, डब्याला चालत नाही."

दुकानदार एकदा मालकांकडे, एकदा बाईंकडे बघू लागला. मीठबाईंची नजर म्हातारीवर गेली. तिच्या मांडीवरचे हात आता एकमेकांत घट्ट अडकले होते. तिला शब्द कळत नव्हते, पण आपल्या बरणीवरून काहीतरी बिनसलंय एवढं तिला उमगलं होतं. आपला डबा पालथा झाला तेव्हा आपलेही हात असेच झाले होते, हे मीठबाईंना आठवलं.

"मी खाणार आहे," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या सौद्यासाठी नाही. मला आवडते म्हणून."

त्यांनी सरळ हाताने तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. आधी नुसतं मीठ. मग आंबट, मग खोल कुठूनतरी गोडसर. त्यांनी डोळे मिटले. चाखण्याचं काम करताना मिटत तसेच.

"ताई, त्यांना सांगा, झक्कास झालाय. आणि विचारा, ही बरणी मधे एकदा उघडली होती ना? वरचा थर जास्त आंबट आहे."

भाचीने सांगितलं. म्हातारी पदर असता तर पदरात तोंड लपवलं असतं अशी हसत सुटली. दोन महिन्यांपूर्वी राहवेना म्हणून तिने चोरून एक तुकडा खाल्ला होता. ते तिच्या मुलालाही माहीत नव्हतं.

"आता माझ्या डब्याचं सांगा," मीठबाई म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"अजिबात नाही!" मालक ओरडले.

भाचीने मामाकडे पाहिलं, मग मीठबाईंकडे. आणि सगळं सांगितलं. चाळीस बायका, गटार, तीनदा घासणं, काही गाळलं नाही.

म्हातारी उठली. मालकांसमोरची ताटली तिने उचलली, त्यातला मासा मीठबाईंच्या ताटलीत सरकवला आणि मालकांपुढे एक उकडलेलं रताळं ठेवलं. वर काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" मालकांनी विचारलं.

"ज्याला नको त्याला वाढून नासाडी कशाला, म्हणाल्या."

सौदा मोडला नाही. दुकानदाराला लोणचं हवं होतं, मालकांची मिशी नव्हे. पण परतीच्या वाटेवर मालक विमानतळापर्यंत धुमसत होते.

"तुम्ही माझी अब्रू घालवलीत, बाई."

"मासा खाल्ला मी, मालक. अब्रू तुमची कशी गेली?"

"ती पाटी माझ्या वडिलांनी लावलीये. मासळीचा वास आंब्याला लागतो."

"लागला असता तर सगळ्यात आधी मला कळलं असतं. माझ्याच जिभेवर विकताय ना आंबा?"

"बघू," मालक म्हणाले.

"बघू म्हणजे नाही. मी सोमवारी आणणार. काढायचं असेल तर मला कामावरून काढा."

सोमवारी त्यांनी कालवण आणलं. मुकादम धावत मालकांच्या खोलीत गेला आणि तोंड पाडून परत आला. मागची कोठार-खोली मांसाहारी डब्यांसाठी मोकळी करून देतो, असा मालकांचा निरोप होता. मीठबाईंनी उलट निरोप पाठवला, "कोठारात लोणचं ठेवतात, माणसं नाही." आणि जेवणघरात, रोजच्या जागी, चाळीस जणींच्या मधोमध मांडी घालून डबा उघडला.

शेजारच्या दोघी उठून गेल्या. तिसरी, मसाला कुटणारी, जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "माझ्या घरीपण आज हेच होतं. घरीच ठेवून आले."

"उद्या घेऊन ये," मीठबाई म्हणाल्या आणि आपल्या डब्यातला अर्धा तुकडा तिच्या भाकरीवर ठेवला.