दमट सोवळं

"काकू, दंड हलवू नका," म्हणत जनार्दनने बोथट पात्याने यमुनाबाईंच्या चट्ट्याची कड खरवडली. कोंड्यासारखी पडलेली कातडी त्याने काचेवर झेलली, वर कातडी विरघळवणाऱ्या खाराचा थेंब टाकला आणि काच स्पिरिटच्या दिव्यावर जरा ऊन केली.

रेल्वे दवाखान्याच्या या तपासणीच्या खोलीत यमुनाबाई वर्षात तिसऱ्यांदा आल्या होत्या. नवरा बापूराव लोको शेडमध्ये फिटर, म्हणून इथे दाखवता येत होतं.

"चार महिने गोळ्या घेतल्या रे. दुधाबरोबर, एकही चुकवली नाही. गजकर्ण गेलं, आणि पुन्हा आलं. माझं चुकलं कुठे, ते तरी सांग."

"आधी बघा." तो स्टुलावरून उठला.

त्यांनी एक डोळा मिटून दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावला. पांढुरक्या पसाऱ्यातून काचेसारखे बारीक दोरे गेले होते; सांध्यासांध्यांचे, फांद्या फुटलेले.

"हे माझ्या अंगावर?"

"बुरशी आहे, काकू. मेलेल्या कातडीवर जगते, नखं-केससुद्धा सोडत नाही. गोळी खालून येणाऱ्या नव्या कातडीत उतरते. जुनी झडली की हिची उपासमार. पण ओल आणि ऊब मिळाली की पुन्हा संसार मांडते. डॉक्टरीणबाईंनी लिहिलंय, दंडापेक्षा कमरेला जास्त आहे. कपडे वाळवता कुठे?"

"घरचे अंगणात. सोवळं कमळाबाईंकडे."

कमळाबाईंचं घर उत्तरेतल्या या शहरातल्या जुन्या मराठी मंडळींपैकी. एकोणीस वर्षं यमुनाबाई रोज सकाळी नगऱ्याच्या रेल्वे वस्तीतून चालत तिथे सोवळ्यातला स्वयंपाक करायला जात. काम आटोपलं की लुगडं धुऊन, काठीने, देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत उंच दांडीवर टाकायचं. तिथे कुणाचा हात पोचत नाही. ऊनवाराही पोचत नाही. दुसऱ्या दिवशी ते दमटच हाती येई. तेच कमरेला आवळून चार तास चुलीपुढे.

"म्हणजे रोज बुरशीच नेसता तुम्ही," जनार्दन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

यमुनाबाईंना त्याचा राग आला नाही, स्वतःचाच आला. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घातला म्हणून त्यांनी कितीजणींना दटावलं होतं!

कमळाबाईंना मात्र पटेना.

"रक्तातली उष्णता आहे ती, यमुना. कडुनिंब पी. देवघराजवळच्या खोलीत कसली आलीय बुरशी?"

"वहिनी, गच्चीवर उन्हात वाळवीन म्हणते."

"गच्चीवर माकडं, मोलकरीण, शेजारची पोरं. शिवाशिव होईल."

"मी बसेन राखणीला."

"बस बापडी. पण महालक्ष्म्यांच्या आत ते दंडावरचं गेलं नाही, तर नैवेद्याला मी दुसरं कुणी बघेन. पानावर बसलेल्यांना दिसतं सगळं."

यमुनाबाईंनी दंडावर पदर ओढून घेतला. एकोणीस वर्षं महालक्ष्म्यांचा नैवेद्य त्यांच्याच हातचा. देवीकडे काही न मागता चालवलेला तो त्यांचा एकुलता नेम होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या लुगडं उकळून धूत आणि भर दुपारी गच्चीवर माळ ओढत बसत, मांडीवर माकडांसाठी काठी. पलीकडच्या गच्चीवरची शेजारीण तिथल्या बोलीत हसायची, "काए जिज्जी, धुतिया भग जैहै का?"

बापूराव म्हणायचे, "अगं, शेडात इंजिनालासुद्धा एवढा पहारा नसतो."

दीड महिन्यात दंड स्वच्छ झाला. कमरेला तपकिरी डाग तेवढा उरला. जनार्दनने पुन्हा काच पाहिली. "दोरे दिसत नाहीत. पण आणखी महिनाभर गोळ्या. आणि ओलं नेसायचं नाही, एक दिवससुद्धा."

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या आदल्या दुपारी लुगडं कडकडीत वाळत आलं होतं. खालून कमळाबाईंची हाक आली, "यमुना, डाळ निवडायचीय, उतर लवकर!"

त्या उतरल्या. अर्धी डाळ होते न होते तोच सर आली. धावत वर गेल्या तर दोरी रिकामी. शेजारीण कठड्यावरून घडी केलेलं लुगडं पुढे करत होती. "एक बूँद नईं लगन दई, जिज्जी!"

शिवाशिव झाली होती, पण तिने मायेनेच केलं होतं. "भलो भओ, बाई," एवढंच त्या म्हणाल्या.

गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं नसतं. सकाळी त्यांनी आपणहून सांगितलं, लुगड्याला शेजारणीचा हात लागलाय.

"मग त्यात काय?" कमळाबाई म्हणाल्या. "भिजव नि नेस. पाण्यातून काढलं की शुद्ध. इतकी वर्षं ओलंच नेसत होतीस ना?"

"आता नाही नेसणार, वहिनी."

"एका दिवसाने काय होतंय?"

"त्या बुरशीला एक दिवस पुरतो."

"देवीपेक्षा कातडी मोठी झाली तुला?"

डाळीसाठी तुम्हीच हाक मारलीत, हे ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. "कातडीही तिनंच दिलीय," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

कमळाबाईंनी तोंड फिरवलं आणि सुनेला हाक मारली. लखनौत वाढलेली पार्वती ओलं पातळ नेसून, भेदरल्या चेहऱ्याने स्वयंपाकघरात शिरली.

यमुनाबाई मागच्या पायरीवर येऊन बसल्या. चपला पायात सरकवल्या, पण उठवेना. बऱ्याच वेळाने आतून दबका आवाज आला, "काकू, गेलात का? पुरण पतलं झालंय."

"घाबरू नको. जाळ जरा वाढव. ढवळत राहा, तळाला लागू देऊ नको."

"चाखून बघू?"

"छे गं, नैवेद्याचं आहे. वास घे. झारा उभा करून बघ, राहतो?"

"गिरतोय."

"मग अजून. थांबू नको."

आत पुरण रटरटत होतं. त्यांनी डोळे मिटून कान तिकडे लावले. मांडीवरचा उजवा हात सावकाश गोल फिरत होता, एका लयीत, मध्ये कुठेही न थांबता.