उगाचची काळजी

ताई बाजारातल्या एका दुकानात पडदे शिवायची आणि काळजी करायची. दोन्ही कामं एकाच वेळी, एकाच खुर्चीत. आईवडील गेल्यावर धाकट्या भावाला तिनेच वाढवलं. आता तो इंग्रजीचे क्लास घ्यायचा, म्हणून ती त्याला कौतुकाने मास्तर म्हणायची. वडिलांचं घर त्याच्या नावावर होतं, पण तिथे राहायची ती. तो संसार घेऊन दुसरीकडे गेला होता.

एक दिवस मास्तर एका अनोळखी माणसाला घरी घेऊन आला. त्या माणसाने भिंती ठोकून पाहिल्या, नळ सोडून पाहिले. घर विकतोयस का, असं ताईने सरळच विचारलं.

"ताई, डोन्ट फ्रेट," मास्तर हसला.

मग सवयीने त्याने अर्थही सांगितला. फ्रेट म्हणजे कारण नसताना जिवाला घोर लावून घेणं, मनातल्या मनात कुढत बसणं. शब्द वापरायचा तो बहुतेक 'नको' म्हणतानाच. ताईला तो फार आवडला. जन्मभर आपण जे करत आलो त्याला चक्क नाव आहे म्हणायचं. शेजारणीचा नवरा उशिरा आला की ती तिला फ्रेट करू नकोस म्हणून बजावू लागली आणि स्वतः गाढ झोपू लागली. मास्तरच म्हणाला म्हटल्यावर कारण नसणारच.

काही महिन्यांनी दुकानात एक हौशी बाई आली. पुढच्या आठवड्यात नव्या घरात जायचं म्हणाली, खिडक्यांची मापं सांगू लागली.

"स्वयंपाकघरातली चौकट एका बाजूला चार बोटं खचलीय. तिथला पडदा तिरका कापा हं."

ताईचा हात थांबला. असा तिरका पडदा तिने आयुष्यात एकदाच कापला होता, स्वतःच्या स्वयंपाकघरासाठी. तिने पत्ता विचारला. बाईने ताईच्याच घराचा सांगितला.

ताई तडक क्लासवर गेली. ज्याला बोट धरून चालवलं, त्यानेच केसाने गळा कापला होता. तिचा चेहरा पाहून मास्तर वर्ग सोडून बाहेर आला. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून बोललो नाही, असं तो खाली बघत म्हणाला.

"माझी काळजीसुद्धा काढून घेतलीस तू," ताई म्हणाली. "ती केली असती, तर एव्हाना मी कुठेतरी खोली शोधली असती."