त्रिकोणात अडकलेल्या नळ्या

मित्रांनो, मी गोळ्या-काड्यांचा एक जुना संच आहे. जळगावातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. माझ्यातला काळा गोळा म्हणजे कार्बन आणि पांढरा म्हणजे हायड्रोजन. आणि आधीच सांगून टाकतो, समोरच्या भिंतीवरच्या स्मार्ट बोर्डाला मी पाण्यात पाहतो.

मला शालिग्राम सरांनी एका सुताराकडून घडवून घेतलं. काळ्या गोळ्याला चार भोकं, आणि कुठल्याही दोन भोकांमधला कोन साधारण एकशे नऊ अंशांचा, कारण कार्बनला तेवढं ऐसपैस बसायला आवडतं. सहा कार्बनांचं कडं लाकडी काड्यांनी सहज जुळलं. तिघांचं मात्र काही केल्या जुळेना. त्रिकोणात कोन साठाचा, त्यामुळे काड्या मोडायच्या. सरांची रावेरकडे केळीची बाग होती. तिथून त्यांनी ठिबकच्या बारीक नळीचा उरलेला तुकडा आणला आणि काड्यांच्या जागी नळ्या घातल्या. त्रिकोण जुळला, पण नळ्या बाहेरच्या अंगाला वाकल्या.

"बघा," सर मुलांना म्हणायचे, "या बंधाला पुस्तकातसुद्धा केळ्याचा बंध म्हणतात. हे आपल्या जिल्ह्यातल्या पोरांनी विसरावं?"

मग ते एक टोक उपसायचे. नळी फटकन सरळ व्हायची. तीन कार्बनांचं कडं एवढ्या लवकर का फुटतं, ते मुलांच्या बोटांना आधी कळायचं आणि डोक्याला मागाहून. ते माझे सुखाचे दिवस होते. मला हातात घ्यायला मुलं भांडायची.

सर निवृत्त झाले, जीनत मॅडम आल्या आणि त्यांच्या पाठोपाठ तो आला. चकचकीत, दिमाखदार. बोट लावलं की त्याच्यावर रेणू गरगर फिरतात. मी म्हटलं, नव्याचे नऊ दिवस. पण कसलं काय! त्याला धुळीपासून जपायला झालर लावलेलं कापड शिवलं गेलं आणि माझ्या गोळ्यांवरचा रंग उडाला तरी कुणी ढुंकून पाहिलं नाही. त्यातही एक गोष्ट मला फार लागते. कडं फुटलं की एखादा कार्बन घटकाभर उघडा पडतो. त्याला कार्बोकॅटायन म्हणतात. तो तेवढ्यात सपाट होतो आणि लगेच कुणाचा तरी हात धरतो. माझी भोकं लाकडात कोरलेली, मला सपाट होणं जन्मात जमलं नाही. बोर्डाला मात्र ते लीलया जमतं. माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

एकदा शिपाई पंडितभाऊंनी, ते शिंदखेड्याकडचे, कपाट आवरायला काढलं. "मॅडम, हाई बठ्ठं भंगारमा देनं शे का?" त्यांनी विचारलं.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष अफिफाकडे होतं. भुसावळची ही मुलगी एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत एकदा नापास झाली होती. दुसरी संधी दुसऱ्या दिवशी होती, आणि ती गेली तर वर्ष जाणार होतं.

"कडं का फुटतं?" मॅडमनी विचारलं.

"ताणामुळे."

"ताण म्हणजे काय?"

"मॅडम, बोर्डावर इतक्यांदा पाहिलंय," अफिफा म्हणाली, "पण ते आपलं आपणच फुटतं. का, ते दिसत नाही."

हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! मॅडमनी मला तिच्यापुढे ओतलं. तिने त्रिकोण जुळवायला घेतला. दोनदा नळी निसटली. तिसऱ्यांदा ओठ दाबून तिने ती बसवली आणि मग टोक सोडलं. नळी फाटकन तिच्या चष्म्यावर बसली. ती हसायला लागली.

"दाबून धरलं होतं म्हणून बसलं होतं," ती म्हणाली. "त्याला मुळात सरळ व्हायचं होतं."

दुसऱ्या दिवशी ती पास झाली. पेढा बोर्डापुढे नाही, माझ्या कपाटापुढे ठेवला.

मी हवेत होतो. पण मॅडमनी हौसेने माझा व्हिडिओ केला आणि तो चढवला कुठे, तर त्या बोर्डावर! मला त्यांनी त्रिकोणात जुळवून, छान दिसतो म्हणून, कपाटात मांडून ठेवलं. आता दर वर्षी नवी मुलं बोर्डावर माझी नळी उडताना पाहतात आणि टाळ्या वाजवतात. मित्रांनो, स्वतःच्याच चित्रावर जळण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये.

शालिग्राम सर तास संपला की माझ्या नळ्या सोडवून ठेवायचे. ते आता कुणाला सुचत नाही. परवा मयुरी नावाच्या मुलीने मला बाहेर काढलं आणि टोक उपसलं. नळी जागची हलली नाही. इतके दिवस वाकून वाकून ती वाकडीच झाली होती.

"व्हिडिओत तर उडते," ती म्हणाली आणि मला परत ठेवलं.

तेव्हा मित्रांनो, जुनी वस्तू काचेआड ठेवली म्हणजे जपली असं नाही. काम झालं की तिच्यावरचा ताण सोडवा. आणि येताना घरून ठिबकच्या नळीचा एक नवा तुकडा आणा. जळगावात त्याला काय तोटा? मग बघू, कुणाची नळी जोरात उडते, त्याची की माझी.